बावची आधी बंद करा

जन्मतः केस-कातडी पांढरी असणं, म्हणजे अल्बिनिझम, आणि कोड यांची गल्लत पत्रागणिक दिसते. म्हणून या वेळी एवढाच विषय.

गरोदरपणी ग्रहण पाहिलं, म्हणून मुलगी अशी झाली का?

नाही.

पहिला मुलगा अल्बिनो. आमचं लग्न मामाच्या घरातलं. पुढचं मूल?

बहुतेक प्रकारांत आईवडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असतात. मग प्रत्येक खेपेला शक्यता ४ पैकी १. ‘एक झालं, आता पुढची तीन ठणठणीत’ हा हिशेब खोटा. नात्यातल्या लग्नात दोन वाहक एकत्र येणं सोपं होतं. दिवस जाण्याआधी जनुकतज्ज्ञांना भेटा.

ओळखीच्यांनी बावचीचं तेल लावून मुलाला रोज उन्हात बसवायला सांगितलंय. रंग येईल ना?

आजच थांबवा! कोडात रंग बनवणाऱ्या पेशी मेलेल्या असतात. बावचीतलं सोरालेन आणि ऊन मिळून केसांच्या मुळाशी उरलेल्यांना चाळवतात, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं. तुमच्या मुलाच्या पेशी जिवंत आहेत, पण मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवायची प्रक्रियाच जन्मतः अडलेली आहे. तेलाने ती सुटत नाही, कातडी तेवढी भाजते. असाच एक मुलगा माझ्याकडे आणला होता: बनियनच्या पट्ट्यांपुरती पाठ कोरी, बाकी पाण्याचे फोड. अशा कातडीला वर्षानुवर्षं ऊन लागलं, तर ऐन तरुणपणी त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. पूर्ण बाह्या, रुंद काठाची टोपी, पीटीचा तास सावलीत. महिनाभर न भरलेली जखम दिसली तर मलमं बदलत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

‘सनस्क्रीनयुक्त’ गोरेपणाची क्रीम चालेल?

याला आणखी किती गोरा करणार? जाहिरात सोडा, डबीची मागची बाजू वाचा. एसपीएफ ३० किंवा जास्त हवं, यूव्हीए या अतिनील किरणांपासूनही संरक्षण हवं. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर मावेल एवढं, उन्हात असेल तर दर दोन तासांनी.

मुलीची बुबुळं हलतात, मान तिरकी करून बघते. आजी म्हणतात, इतक्यात चष्मा नको.

आजींना नमस्कार, पण चष्मा हवाच आणि लवकर हवा. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग नीट घडलेला नसल्याने नजर पूर्ण येणार नाही, तरी नंबर असेल तर पुष्कळ फरक पडतो. तिरक्या मानेत तिची बुबुळं कमी हलतात, म्हणून ती तसं बघते. ‘मान सरळ कर’ म्हणून टोकू नका. फुटपाथवरचा काळा गॉगल मात्र नको. काळोखाने बाहुली मोठी होते आणि अतिनील किरणं आत जातात. काच नेत्रतज्ज्ञच ठरवतील.

मुलाला जरा लागलं की काळंनिळं होतं, रक्त थांबत नाही. याचा संबंध?

असू शकतो. हर्मान्स्की-पुडलाक या दुर्मीळ प्रकारात प्लेटलेट सदोष असतात. रक्तविकारतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय दात काढायला नेऊ नका, आणि अ‍ॅस्पिरिन घरच्या घरी मुळीच देऊ नका.