वाळताना वाकडा झालेला लाकडी वाडगा

ओल्या लाकडातून लेथवर (लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर) कच्चा, म्हणजे जाड भिंतीचा, कातलेला वाडगा वाळल्यावर लंबगोल होणे हा तुमच्या हाताचा दोष नाही. लाकूड वार्षिक वलयांच्या दिशेने जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच ते त्रिज्येच्या दिशेने आकसते, आणि रेषांच्या, म्हणजे लाकडातल्या तंतूंच्या, लांबीत तर जवळजवळ आकसतच नाही. म्हणून रेषांना आडवा व्यास कमी होतो आणि दुसरा तसाच राहतो.

वाळल्यावर पुन्हा गोल कातता यावे यासाठीच कच्च्या वाडग्याची भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्श्याइतकी, म्हणजे 25 सेंमी वाडग्याला 2.5 सेंमी, आणि सर्वत्र सारखी ठेवावी. तळ जाड राहिला तर तडे जातात. खोडाचा गाभा वाडग्यात मुळीच येऊ देऊ नये. रेषांच्या उघड्या टोकांवर मेण लावून वाडगा कागदी पिशवीत, ऊन आणि पंख्यापासून दूर ठेवावा, आणि दर आठवड्याला वजन करावे. वजन स्थिरावले की तो वाळला.

पुन्हा लेथवर चढवताना घाई नको, कारण चकमध्ये (लेथच्या पकडीत) धरायची बुडाची बैठकही लंबगोल झालेली असते. वाडगा पालथा घालून लेथच्या मागच्या टेकूने दाबून धरावा, कमी वेगावर आधी ती बैठक गोल करावी आणि मगच चकमध्ये आवळून काठ कातायला घ्यावा.