फुकट अ‍ॅपचा खर्च भागतो कसा?

प्रश्न : बातम्यांचं अ‍ॅप फुकट आहे. मग ते माझी माहिती विकतात का?

उत्तर : बहुतेकदा विकली जाते तुमची नजर, माहितीवरून तिचा भाव ठरतो. पान उघडताच जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो. फोनचा जाहिरात आयडी (जाहिरातींसाठी फोन ओळखणारा क्रमांक), अंदाजे ठिकाण, अ‍ॅपचं नाव बोली लावणाऱ्या जाहिरात कंपन्यांकडे जातं आणि साधारण १०० मिलिसेकंदांत सौदा पक्का. दर ठरतो हजार वेळा दिसण्यामागे, त्यामुळे एका नजरेची किंमत किरकोळच. खरी मेख वेगळीच आहे : बोली हरलेल्यांनाही ती माहिती मिळालेली असते.

अँड्रॉइडवर सेटिंग्ज, प्रायव्हसी, अ‍ॅड्स इथे जाऊन जाहिरात आयडी डिलीट करा. जाहिराती कमी होणार नाहीत, फक्त त्यांचा नेम चुकेल. ईमेलनं लॉग-इन केलं असेल, तर मात्र ओळख तिथूनही जुळते.