जागा बदलल्यावर उभं इंग्लिश घड्याळ का थांबतं?

आठ दिवसांच्या किल्लीचं जुनं उभं घड्याळ नव्या जागी दहा मिनिटांत थांबत असेल, तर यंत्र उघडू नका. आधी कान द्या. ‘टिक-टक… टिक-टक…’ असा लंगडा ठेका असेल, तर दोष ठेक्यातच आहे: नव्या जागी पेटी जरा कललेली असते. लंबक स्थिर करा, बोटाने अगदी हळू डावीकडे न्या आणि ‘टिक’ कुठे होते ते बघा. मग तसंच उजवीकडे. दोन्ही अंतरं सारखी हवीत. ज्या बाजूला ‘टिक’ लवकर येते, त्या बाजूला लंबकाला ढकलणारी मागची सळी केसभर वाकवा. वाकवताना सळीचा वरचा भाग दुसऱ्या हाताने धरून ठेवा, नाहीतर आसाचं बारीक टोक मोडतं, आणि ते काम महागात जातं. पायाखाली पाचर मारूनही ठेका जुळतो, पण फरशी पुसताना ती सरकली की पुन्हा तेच.

चार-पाच दिवस नीट चालून मग थांबतंय? तेव्हा घड्याळ चालवणारी वजनं उतरत लंबकाच्या चकतीच्या पातळीला आलेली असतात. पेटी डुगडुगत असेल तर तीही झुलू लागतात आणि लंबकाची ताकद खातात. मागची फळी भिंतीला स्क्रूने आवळा, फटीत लाकडी ठोकळा घालून.