बोका दवाखान्यात, जीव टांगणीला

पत्र : माझा पाच वर्षांचा बोका दीड दिवस सारखा लिटर बॉक्समध्ये (शी-शूसाठी ठेवलेल्या वाळूच्या पेटीत) जाऊन बसत होता. मला बद्धकोष्ठ वाटले, म्हणून मी वाट पाहिली. तो कळवळून ओरडू लागला तेव्हा दवाखान्यात नेले, तर लघवी तुंबलेली निघाली. कॅथेटर (लघवी काढणारी नळी) घालून त्याला दोन रात्री ठेवून घेतले आहे. मी आतापर्यंत पाच वेळा फोन केला. मी त्याला सोडून दिले असे त्याला वाटत असेल का? तिथे जाऊन रात्रभर बसू का? यजमान म्हणतात, "मांजरच तर आहे." घरातली दुसरी मांजर त्याला शोधत फिरते आहे.

उत्तर : रात्री पावणेतीन वाजता लिहिलेले तुमचे पत्र सकाळी वाचले आणि रांगेतली इतर पत्रे बाजूला ठेवून तुम्हाला लिहायला बसले, कारण तुमच्यापुढे अजून एक रात्र आहे.

आधी तुमच्या मनातल्या अपराधाविषयी. तुमचा अंदाज चुकला हे खरे आहे आणि ते नाकारून मी तुमची समजूत घालणार नाही. परंतु लघवीसाठी कुंथणारा बोका आणि शौचासाठी कुंथणारा बोका पाहणाऱ्याला जवळजवळ सारखेच दिसतात, आणि आजार लपवणे हा मांजराचा स्वभावच असल्यामुळे तो ओरडेपर्यंत भल्याभल्यांना संशय येत नाही. बोक्याचा मूत्रमार्ग मांजरीपेक्षा अरुंद असतो, म्हणून हा त्रास प्रामुख्याने बोक्यांनाच होतो. बोका वारंवार बसतो आहे आणि लघवी थेंबभर किंवा मुळीच होत नाही असे यापुढे दिसले, तर त्याच तासाला दवाखाना गाठायचा, एवढे ध्यानात ठेवा आणि स्वतःला दोष देणे थांबवा.

त्याला ठेवून का घेतले, हेही नीट समजून घ्या, म्हणजे 'टाकून आले' ही भावना ओसरेल. लघवी अडली की शरीराबाहेर जायला हवे ते रक्तात साचते; त्यातले पोटॅशियम वाढले तर हृदयाची लय बिघडते. अडथळा दूर झाल्यावर पुष्कळदा उलट घडते, म्हणजे शरीर इतकी लघवी बाहेर टाकू लागते की तेवढे पाणी सलाईनमधून परत द्यावे लागते, आणि किती गेले व किती दिले याचा हिशेब ठेवावा लागतो. हे घरी होण्यासारखे काम नव्हे.

आता तो काय विचार करत असेल याविषयी. तुम्ही दगा दिला, असा अर्थ लावून तो रुसला असेल असे मला वाटत नाही. त्याला छळत असतील त्या गोष्टी फार साध्या आहेत : अनोळखी वास, कुत्र्यांचे भुंकणे, डोळ्यांवर येणारा उजेड, पायातली सलाईनची सुई आणि नळी चावू नये म्हणून गळ्यात घातलेली कॉलर. तो पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसला असेल, तर आजारी मांजर एरवीही तसेच बसते. यातल्या बऱ्याच गोष्टींवर तुम्हाला उपाय करता येईल. तो ज्यावर झोपतो ती चादर न धुता तशीच नेऊन द्या. पिंजऱ्याच्या पुढच्या बाजूला टॉवेल सोडता येईल का आणि त्याला कुत्र्यांपासून दूर ठेवता येईल का, असे विचारा. आणि तो काहीच खात नसेल तर तिथल्या डॉक्टरांना विचारून त्याचे नेहमीचे खाणे पोहोचवा. मांजर काही दिवस उपाशी राहिले, विशेषतः ते लठ्ठ असेल, तर त्याच्या यकृतावर परिणाम होऊ शकतो; तेव्हा ही चौकशी बारीकसारीक समजू नका.

रात्रभर तिथे बसू नका. दिवसा दहा मिनिटे भेटावे की नाही हे डॉक्टरांवर सोपवा, कारण काही मांजरे ओळखीच्या हातूनच खातात, तर काही मांजरे माणूस परत निघाला की धडपडतात, आणि त्यात नळी ओढली जाण्याची भीती असते.

फोनचे म्हणाल तर पाच म्हणजे काहीच नाही. माझी मांजर अशीच दवाखान्यात होती तेव्हा मी एका संध्याकाळी आठ वेळा फोन केला होता आणि आठव्या वेळी तिथला मदतनीस शांतपणे म्हणाला होता, "बाई, प्रत्येक फोन घ्यायला मी तुमच्याच मांजरीजवळून उठून येतो." तेव्हा वेळ ठरवून संध्याकाळी एकच फोन करा आणि नेमके विचारा : लघवी किती झाली, तिचा रंग कसा आहे, त्याने काही खाल्ले का, रक्ताचा अहवाल काय म्हणतो. पण एक प्रश्न तुमच्या पत्रात कुठेच नाही आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे : रात्री तिथे त्याच्याजवळ कोण असते? बऱ्याच दवाखान्यांत ठरावीक वेळेनंतर कोणीही थांबत नाही. डॉक्टरांना राग येईल ही भीड न बाळगता हे विचारा, आणि कोणी नसेल तर रात्रभर देखरेख असलेल्या ठिकाणी हलवणे त्याला झेपेल का, हेही विचारा. प्रकृती बिघडल्यास कोणत्याही वेळी फोन करा, असे सांगून ठेवा.

यजमानांशी वाद घालण्यात आज शक्ती घालवू नका. संध्याकाळचा तो फोन त्यांनाच करायला सांगा; पलीकडून बोक्याची बातमी ऐकताना त्यांचा आवाज कसा होतो ते पाहा.

घरातल्या मांजरीची मात्र तयारी करून ठेवा. बोका परत येईल तेव्हा त्याच्या अंगाला दवाखान्याचा वास असेल आणि आज त्याला शोधणारी हीच मांजर उद्या त्याच्यावर फिस्कारेल. तिच्यावर रागावू नका. एक-दोन दिवस त्याला वेगळ्या खोलीत ठेवा आणि दोघांची अंथरुणे अदलाबदल करा. त्या खोलीत त्याचा स्वतंत्र लिटर बॉक्स असू द्या, कारण पहिल्या काही दिवसांत लघवी पुन्हा अडण्याचा धोका अधिक असतो आणि वाळू कोणी ओली केली हे तुम्हाला नक्की कळायला हवे.