फ्रेंच सोडायचं नाही

प्रिय मुली,

‘सर, फ्रेंच बंद. पुढच्या स्पर्धेपासून कॅरो-कान.’ एक डाव हरलीस आणि दादरहून लोकलने घरी पोचायच्या आतच बुद्धिबळातला फ्रेंच बचाव सोडून कॅरो-कान हा काळ्याचा दुसरा बचाव धरायचा तुझा निर्णय झालेला दिसतो. स्कोअरशीटचा, म्हणजे चालींच्या नोंदीचा, फोटो पाठवलास ते बरं केलंस. मी रात्रीच पट मांडला. तुझं ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवात, कुठेही चुकलेलं नाही.

पांढऱ्याने प्यादं ई५ या घरात रेटलं, तू सी५वर प्यादं खेळलीस, वजीर बी६वर आणलास. डी४चं प्यादं समोर दिसत होतं, हात शिवशिवला असेल. तरी आधी उंट डी७वर ठेवलास. शाब्बास! त्याआधी ते प्यादं खायला गेली असतीस, तर पांढऱ्या उंटाचा बी५वरून शह बसून डी४वरचा वजीर गेला असता. मग प्यादं घेतलंस, ए६सुद्धा वेळेवर. हा मिल्नर-बॅरी गँबिट. यात पांढरा प्यादं देतो आणि वेळ घेतो. आता जी८चा घोडा ई७वरून सी६वर यायला हवा होता. तो घरातच बसला, वजीर पटभर हिंडला, राजा मधोमध अडकला. डाव इथे गेला. मग शिक्षा फ्रेंचला का? कॅरो-कानमध्ये घोडा आपोआप बाहेर येतो का?

इंजिन, म्हणजे बुद्धिबळाचा संगणक, पांढऱ्याला बरं म्हणतं, असंही लिहिलंयस. अगं, समोर इंजिन नव्हतं, तुझ्यासारखीच घड्याळाकडे बघणारी मुलगी होती!

१९७४ साली मॉस्कोत ग्रँडमास्टर कोर्चनॉय दुसऱ्या ग्रँडमास्टरसमोर, कार्पोव्हसमोर, काळ्या मोहऱ्यांनी पुन्हा पुन्हा फ्रेंचच खेळला. मॅच कार्पोव्हने जिंकली, पण फ्रेंचविरुद्ध त्याला एकही डाव जिंकता आला नाही. फ्रेंच सोडायचं नाही.

मला लोक हट्टी म्हणतात. म्हणू देत. माझ्या बरोबरीची चांगली चांगली मुलं प्रत्येक पराभवानंतर ओपनिंग बदलत गेली आणि प्रत्येक ओपनिंगच्या दहाव्या चालीला परकीच राहिली. मला मास्टरचं टायटल मिळालं नाही, ती खंत आहे आणि राहील. पण ई६ ही फ्रेंचची पहिली चाल खेळल्यावर माझं कुठलं मोहरं कुठे जाणार, हे मला झोपेतून उठवून विचार. ते ओपनिंग बदलत राहून आलं नसतं. तुझ्याकडे माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, म्हणून जीव तुटतो.

कॅरो-कानचं पुस्तक मागवलं असशील तर तसंच कपाटात ठेव. शनिवारी क्लास सुटल्यावर थांब. अकराव्या चालीपासून बसू, पांढरी मोहरी मी घेतो.

तुझा,
सर