वाचक विचारतात : पडद्यावर आवडला, घरी फसला

प्रश्न : पणजीला इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात भावलेला चित्रपट घरच्या नव्या टीव्हीवर पाहिला, तर मालिकेसारखा वाटला. संवादही पुटपुटल्यासारखे. चित्रपटच सुमार होता का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : आधी टीव्ही तपासा. चित्रपट बहुधा सेकंदाला २४ चौकटींचा (फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र) असतो. नवे टीव्ही मधल्या चौकटी स्वतःच बनवून घुसडतात, म्हणून हालचाल नको इतकी गुळगुळीत दिसते. पिक्चर सेटिंगमध्ये ‘मोशन’ नावाचा पर्याय बंद करा (कंपनीगणिक नाव बदलतं) किंवा ‘फिल्ममेकर मोड’ लावा. क्रिकेटला हवं तर खुशाल चालू ठेवा! संवादांचं म्हणाल, तर ५.१ ध्वनीत (पाच स्पीकर आणि खर्जाचा एक वेगळा स्पीकर) ते मुख्यतः मधल्या स्पीकरला दिलेले असतात. टीव्हीला दोनच स्पीकर असतील तर संवाद संगीताखाली दबतात. ऑडिओत ‘स्टिरिओ’ (दोन स्पीकरांसाठीचा ध्वनी) निवडा.