अल्पवयीन मुलीचे मानधन आणि ठेवीचे व्याज: विवरणपत्र कोणी भरायचे?

पंधरा वर्षांच्या मुलीला नाशिकमधील कार्यक्रमांत तबलावादनाचे मानधन मिळते आणि आजोबांनी तिच्या नावे ठेवलेल्या मुदतठेवीवर व्याजही येते, तर आयकराचे विवरणपत्र कोणी भरायचे, असे आपण विचारले आहे. ही दोन्ही उत्पन्ने कायद्याने वेगळी मानली आहेत.

आयकर कायद्यानुसार ठेवीचे व्याज आई-वडिलांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक आहे, त्याच्या उत्पन्नात मिळवले जाते. जुन्या करप्रणालीत प्रत्येक मुलामागे 1,500 रुपयांपर्यंत सूट आहे, नव्या प्रणालीत ती नाही. मानधन मात्र तिच्या स्वतःच्या कलेतून आलेले असल्याने तिचेच राहते, आणि ते करमुक्त मर्यादेपेक्षा जास्त झाल्यास तिच्या पॅनवर पालकाने तिच्या वतीने विवरणपत्र भरावे लागते. येथे बरेच पालक चुकतात: तेच मानधन बँकेत गुंतवले, तर त्यावरील व्याज पुन्हा पालकाच्याच उत्पन्नात जाते. म्हणून मानधन वेगळ्या बचत खात्यात घ्यावे आणि आयोजकांच्या पावत्या जपून ठेवाव्यात, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

बँकेने मुलीच्या पॅनवर करकपात केली असेल, तर ती पालकाच्या पॅनवर दाखवण्यासाठी बँकेला लेखी घोषणापत्र द्यावे.